आत्याबाईंचा तळ्याला वळसा

आमच्या घरात कुणी ‘चला, फिरायला जाऊ’ म्हणालं की आधी सतरंजी शोधतात. मग डबा. चपला सगळ्यात शेवटी. कारण आमचं फिरणं म्हणजे गाडीतून उतरायचं, सावलीचं पहिलं झाड गाठायचं, सतरंजी अंथरायची आणि खायचं. खाऊन झालं की पुरुषमंडळी तिथंच आडवी. घरी येऊन मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं, लई फिरलो बुवा! माझं तर डोकंच फिरतं.

ह्या घरात खरी चालणारी बाई एकच, माझी सासू आवडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यापासून त्या आमच्यासोबत शहरात राहतात. लिफ्टवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे जिना चढून उतरून गुडघ्यांची वाट लागली आहे. कॉलनीच्या बागेतल्या ट्रॅकवर लोक सकाळी गोल गोल चालतात, ते बघून त्यांनी पहिल्याच दिवशी एका हाफपँटवाल्या साहेबांना अडवलं होतं.

“काय हरवलं, बाबा?”

“काही नाही आजी, फिरतोय.”

“पर तिथंच कामून फिरायलास? जिथून निघायचं तिथंच यायचं, तर निघायचंच कशाला?”

त्या साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून बाग बदलली.

तर अशा ह्या बाईला यंदा एका तळ्याला गोल वळसा घालायचा होता, आणि तो का, हे फक्त मला माहीत होतं.

आमचं गाव कन्नडकडं, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी जातो आणि एक दिवस तळ्यावर फिरायला (म्हणजे सतरंजीवर बसायला) जातो. तळ्याला मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या टोकाला जादा पाणी वाहून जायचा सांडवा, आणि सांडवा ओलांडला की पल्याड सगळं रान. दरवर्षी आत्याबाई सतरंजीवर बसून त्या पल्याडच्या काठाकडं बघत बसायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारीला डुलकी लागली.

यंदा तळ्यावर जायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी धपाटे थापत होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

“लग्नानंतरची पहिली दिवाळी व्हती. दिवाळसण झाला अन् ह्ये मला घिऊन निघाले. मपलं माहेर तळ्याच्या पल्याड. तवा गाडी ना घोडं, चालतच. आईनं वाटंसाठी सीताफळ दिलतं. पल्याडच्या काठाला बसून खाल्लं, अन् मग लागली पैज, कुणाची बी लांब जाती.”

“थुंकून?”

“मग काय गोफणीनं?”

“कोण जिंकलं?”

“म्या!” आत्याबाईंचा चेहरा असा फुलला की धपाटा तव्यावर करपला. “लई लांब गेली माझी. ह्ये असे फुगले, असे फुगले, गाव येईस्तोर बोलले नाय. येशीपाशी आल्यावर म्हणले, लांब गेली म्हणून काय झालं? पुढच्या बारीला बघू, झाड कुणाचं उगवतंय.”

ती पुढची बारी काही आली नाही. गुरं आली, लेकरं आली, डांबरी रस्ता झाला, माहेरी जायला जीप झाली. तळ्याकडून जायचं कुणाला कारणच उरलं नाही. आता सासरे नाहीत आणि दिवाळीनंतर आत्याबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन.

“डाक्टर म्हणतो, पळाल. त्याच्या तोंडात साखर पडो. पर म्या यंदाच बघनार. झाड हाय का नाय, तेवढंच.”

मला रडू आलं. धपाट्यातल्या मिरचीवर ढकललं.

तळ्यावर पोचलो आणि जे व्हायचं तेच झालं. अप्पामामा, म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ अप्पाराव, गाडी थांबायच्या आत सतरंजी काखोटीला मारून उतरले. पहिली चिंच दिसली, की सतरंजी खाली!

“जागा लई झ्याक हाय! काढ गं मंजुषा, डबा काढ.”

“आज आधी वळसा घालायचा,” मी म्हणाले. “अख्ख्या तळ्याला. मग जेवण.”

मामा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांना काशीला पायी निघा म्हणाले. आमचे नवरोबा शिवराज गावी निघताना शहरातल्या क्रांती चौकातून चालायचे खास बूट घेऊन आलेले. ते बूट काढत म्हणाले, “आईचे गुडघे बघ जरा. जेवून घेऊ, मग बघू.”

“जेवल्यावर तुम्ही काय बघता ते माहितीये मला! डोळे मिटून बघता!”

मग माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. आजवरच्या सगळ्या सहली काढल्या, वेरूळला आम्ही पार्किंगमधूनच परत आलो तेही काढलं. मामा मध्ये पडले, त्यांनाही सोडलं नाही. रंगात आलेच होते, तेवढ्यात आमची लेक श्रेया, दहावीला आहे, शांतपणे म्हणाली, “आजी गेली.”

“कुठं गेली?”

“फिरायला. डबापण गेला.”

वळून बघतो तर बांधाच्या मध्यावर हिरवं लुगडं आणि त्या लुगड्याच्या हातात आमची डब्याची पिशवी! मी जिच्यासाठी घसा फोडत होते ती बाई कधीच निघाली होती.

“अगं आवडाक्का!” मामा किंचाळले. “धपाटे!”

त्यांनी सतरंजी गोळा केली आणि पळत सुटले. मामांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही त्यांच्या मागं. आत्याबाई थकल्या की बांधाच्या दगडावर टेकायच्या, आम्ही हाकेच्या अंतरावर आलो की उठून पुढं. सांडव्यावर घोटाभर पाणी होतं. त्या लुगडं खोचून आरामात पार झाल्या. शिवराजनं बूट हातात घेतले, त्यातला एक पाण्यात पडला, तो काढायला गेला आणि मग सगळाच भिजला. मी इतकी हसले की माझी सगळी चिडचिड तिथंच वाहून गेली.

रानात शिरलो. सागाची पानं वाळायला लागलेली, तरवड पिवळाधमक फुललेला. आणि तिथं वाटेवर आत्याबाई खाली बसलेल्या, पिशवी पोटाशी धरून. गुडघा हा एवढा सुजलेला.

“बास झालं आई,” शिवराज म्हणाला. “परत जाऊ.”

आत्याबाईंनी नुसतं पुढच्या वळणाकडं बघितलं. तोंड एवढंसं झालं होतं. मग मीच सगळं सांगून टाकलं, सीताफळ, पैज, बी, सासऱ्यांचं फुगणं, सगळं. कुणी हसेल म्हणून मी कंबर कसून उभी होते, पण कुणी हसलं नाही.

अप्पामामांनी काखेतली सतरंजी काढली. मनात म्हटलं, झालं, इथंही अंथरली! आता मी ह्यांना पाण्यातच ढकलते. पण मामा म्हणाले, “आक्का, बस ह्याच्यात. धरा रे च्यारी कोपरे.”

पुढं मामा आणि शिवराज, मागं मी आणि श्रेया. मधे झोळीत आत्याबाई, मांडीवर डबा.

“डावीकडं व्हा! आरं, काटा हाय! आप्पा, तुझ्या बाजूला मी घसराय लागले, कोपरा वर धर!”

समोरून एक शेळ्यावाला आला. त्याचा चेहराच उतरला. “काय झालं हो? दवाखान्यात न्यायलात व्हय?”

“काय नाय झालं,” झोळीतून आवाज आला. “झाड बघाया चाल्ले.”

वळण ओलांडलं आणि आम्ही थांबलो. काठापासून वर टेकाडापर्यंत सगळी सीताफळंच. एक नाही, दोन नाही, रानच्या रान. फळांचे डोळे उघडलेले, पोपटांचा कलकलाट.

ह्यातलं कुठलं म्हणून सांगणार? शिवराजनं तोंड उघडलं, ‘अगं आई, ही तर रानातली’ असलं काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो गप्पच झाला.

आत्याबाई झोळीतून उतरल्या. कमरेवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं रान बघितलं. डोळे भरून आले होते.

“बया! येका फळात किती बिया व्हत्या गं!”

मग पदरानं डोळे पुसले आणि हात लांब करून सांगितलं, “काठाजवळची ही सगळी ह्यांची. अन् ती टेकाडावरली माझी.”

“हे कशावरून?” मामा म्हणाले.

“म्हंजी? माझी बी लांब गेलती!”

तिथंच सतरंजी अंथरली. धपाटे खाल्ले, आणि सीताफळं, अर्थातच टेकाडावरची. मामांच्या बिया त्यांच्याच सदऱ्यावर पडल्या. माझी बी शिवराजच्या बीपेक्षा हातभर लांब गेली, श्रेया साक्षीला आहे. तो मात्र गावापर्यंत माझ्याशी बोलला नाही.