खोळीत राखलेला सूर

त्याचं खरं आडनाव गल्लीत कुणाला आठवत नसे. सगळे त्याला खोळकर म्हणत, आणि ते आडनाव त्याने स्वतःच्या हातांनी कमावलेलं होतं. घरात रिमोटला खोळ, भिंतीवरच्या घड्याळाला खोळ. छत्रीला तर तिची स्वतःची खोळ असूनही वर आणखी एक. बायको म्हणायची, माझ्यावरही एक घाला, निदान धूळ तरी बसणार नाही. तो हसायचा नाही. बहुतेक माप मनात घेत असावा.

पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मागच्या अंधाऱ्या खोलीत, पाणी ठिबकणाऱ्या चाकावर भिंग धरायचं, कडा फ्रेमच्या मापाची करायची, बसवायचं, पुसायचं. या कामात माणूस एकच धडा आयुष्यभर गिरवतो: ओरखडा पडला की संपलं, त्याला औषध नाही. एखादं गिऱ्हाईक वर्तमानपत्राच्या कागदाने चष्मा पुसायला लागलं की हा धावत येऊन तो हातातून काढून घ्यायचा.

जीव मात्र जॅझमध्ये अडकलेला. तो रोग थोरल्या भावाने लावला. दादा हॉटेलातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. घरी सराव करायचा तर शेजाऱ्यांच्या शिव्या नकोत म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून वाजवायचा, आणि हा कपाटाला टेकून बसायचा. यालाही एकदा वाद्य हातात दिलं होतं. निघाला तो आवाज ऐकून दादा म्हणाला, तू आपला ऐकत जा बाबा. मग याने ऐकायचंच मनावर घेतलं. ज्याला वाजवता येत नाही तो गोळा करतो. बंद पडलेली हॉटेलं, घर मोडून निघालेली माणसं, भंगारवाले, जुना बाजार, जिथून मिळतील तिथून त्याने जॅझच्या रेकॉर्डी पैदा केल्या.

त्यातही दोन जाती होत्या. ओरखडलेल्या, टवके उडालेल्या त्या रोजच्या. संध्याकाळी कामावरून आला की त्याच लावायचा. चांगल्या त्या राखीव, वरच्या फळीवर. सुई दर वेळी थोडं खातेच, असं त्याचं म्हणणं, म्हणून त्या पुढे कधीतरी निवांत ऐकायच्या. हा निवांतपणा कोणत्या गाडीने येणार होता ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

राखीवांमधली सगळ्यात राखीव म्हणजे दादाची रेकॉर्ड. त्या बँडने जन्मात एकच काढली. थोड्याच प्रती निघाल्या, कंपनी बुडाली, बँड फुटला. दादाने आपली प्रत कुणा मैत्रिणीला देऊन टाकली, तीही गेली आणि रेकॉर्डही गेली. दादाला त्याचं काही नव्हतं. वाजवलं की तो विसरायचा. शेवटच्या गाण्यात मधोमध त्याचा एकट्याचा तुकडा होता, अगदी हळू, अर्धा सूर आणि अर्धा श्वास. बँडवाले चिडवायचे की हा वाजवत नाही, चहावर फुंकर घालतो. पुढे जुन्या बाजारात धाकट्याला तिची एक प्रत सापडली; आणली त्या दिवशी त्याने ती एकदा ऐकली, पोटभर रडला, आणि खोळीत घालून ठेवली. पुन्हा म्हणून काढली नाही.

आता या खोळींचंही सांगायला हवं. रेकॉर्डीसोबत आत कागदाचं पाकीट येतं. याने ती सगळी पाकिटं काढून फेकली. कागद तो, ओरखडे पाडणारच. दुकानात चष्म्याच्या पाकिटांसाठी मऊ, जाड प्लॅस्टिक यायचं. त्यातलं उरलेलं कापून, तापल्या सळईने कडा चिकटवून याने प्रत्येक रेकॉर्डीला अंगाबरोबर बसेल अशी खोळ केली. जुन्या बाजारातल्या रेकॉर्डवाल्याने एकदा बजावलं होतं की कागदातच असू द्या, हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षं घाम सोडतं, रेकॉर्डीला बाधतं. हा त्यालाच म्हणाला, जपणं काय असतं ते मला शिकवू नका. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्यासाठी माणूस आधी शहाणा असावा लागतो.

मग दादाची फुप्फुसं गेली. बायको ना पोरं, जाणार कुठे? धाकट्याने त्याला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत पलंग, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. मशीन दिवसभर फुसफुसायचं. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की आता सुधारणा नाही, आहेत तितके दिवस हौस पुरवा. पण दादाला हौस अशी नव्हतीच. खायला मागेना, कुणाला बोलवा म्हणेना. दोन शब्द बोलला की दम खायचा.

एका सकाळी मात्र तो आपणहून म्हणाला, "आपली ती रेकॉर्ड... आहे ना रे? लाव एकदा. मी कसा फुंकायचो... ऐकू दे."

धाकट्याला आनंद मावेना. ज्याच्यासाठी आयुष्यभर लोकांची थट्टा सोसली ते आज कामाला येणार होतं, आणि तेही दादाच्याच. दुकानात सुट्टी सांगितली, प्लेअरची सुई बदलली, स्टूल ओढून वरच्या फळीवरून रेकॉर्ड काढली.

खोळ रेकॉर्डीला चिकटली होती. सोलून काढावी लागली. आतून काळी चकाकी निघायची, ती निघालीच नाही. सगळ्या तबकडीवर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर, बोटाला तेलकट. त्याने पुसलं. साबणाच्या पाण्याने धुतलं. भिंगं धुवायचं औषध लावून मऊ ब्रशने रेघारेघांतून फिरला. ओली असेपर्यंत चमकली, वाळली की पुन्हा तेच. भिंगावरचा धुरकटपणा काढण्यात त्याचा जन्म गेला होता. हा वरचा नाही, आत मुरलेला आहे, हे त्याच्या बोटांना लगेच कळलं. त्याने दुसरी खोळ फाडली, मग तिसरी, मग पुढच्या. वरची फळी सगळी तशीच.

बायको दारात येऊन उभी राहिली. एरवी तिच्याकडे टोमण्याला तोटा नसे. आज ती वाकून खाली पडलेल्या खोळी गोळा करायला लागली. "मीच केलं हे," तो म्हणाला. त्याला स्वतःची इतकी चीड आली की हातातलं फडकं त्याने भिंतीवर भिरकावलं.

बाहेरून दादाने हाक मारली. नाही म्हणायची ताकद याच्यात नव्हती. आणि वेडी आशा कुणाला सुटते? दिसायला गेली तरी कदाचित वाजेल, असं म्हणत त्याने शेवटचं गाणं धरून सुई टेकवली.

आधी नुसतं खरखरलं. मग त्या खरखरीच्या खालून ड्रमचा ठोका आला, मागून पियानोचे दोन-चार सूर पुसट लागले. दादाची बोटं चादरीवर हलली. त्याने मशीनकडे हात केला. "ते बंद कर. त्याचाच... आवाज येतोय."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं. दादाने पुन्हा हात केला, तेव्हा याने बटण दाबलं. मशीन थांबलं. फुसफुस होती तेवढीच राहिली; ती रेकॉर्डीतूनच येत होती.

दादा डोळे मिटून ऐकत होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. धाकट्याला ते गाणं एकदाच ऐकूनही तोंडपाठ होतं: पियानो थांबतो, ड्रमवाला हात आवरता घेतो, आणि मग दादा. पियानो थांबला. ड्रम हलका झाला. आणि त्या जागी काहीच आलं नाही. दादाचा तो हळू, श्वासाचा तुकडा सगळाच्या सगळा खरखरीत बुडाला. कान देऊन, प्राण कानात आणूनही त्याला एक सूर धरता आला नाही. मग ड्रम पुन्हा जोरात आला, म्हणजे तुकडा संपला होता.

दादाचे ओठ निळसर पडायला लागले होते. बायकोने पुढे होऊन मशीन चालू केलं. दादाने डोळे उघडले नाहीत.

"माझं आलं का रे?" त्याने विचारलं.

"येतंय, दादा," धाकटा म्हणाला, आणि सुई उचलून त्याने परत गाण्याच्या सुरुवातीला ठेवली.