दोरीवर नसलेले लंगोट

उचगावात आम्ही घर बांधलं तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. घरात दोन पगार येत होते आणि मुलगी झाल्यावर ती ऐपत चारचौघांत दिसावी, असं मला वाटायचं. गल्लीत सगळ्यांच्या दोरीवर जुन्या सुती लुगड्यांचे लंगोट वाळायचे. आमच्याकडे कोल्हापुरातल्या मोठ्या दुकानातून डायपरची पाकिटं यायची.

वापरलेले टाकायचे कुठं? कचरागाडी आमच्यापर्यंत येत नव्हती. परसात जाळायला निघालो तर आईनं हात धरला. "बाळाची शी जाळू नको बाबा, पोरीचं पोट पोळतंय." माझा विश्वास नव्हता, पण पोटच्या पोरीवर परीक्षा कोण घेणार? मग रोज पहाटे फिरायला जाताना ते गल्लीच्या टोकाच्या उघड्या गटारीत सोडायचो. पाणी नेईल वाहून, म्हणायचो.

त्या टोकाला गादीवाले मामा राहायचे. कापूस पिंजून गाद्या भरायचे. माझ्या मुलीची पहिली गादीही त्यांनीच भरलेली.

पावसाळ्यात गटार तुंबली, घाण पाणी तीन घरांत शिरलं. खोऱ्यानं ओढलं तर पांढरे, फुगलेले गोळे निघाले. आमच्या गल्लीत डायपर आतून कसा असतो हे कुणाला माहीत? सगळे मामांच्या दारात जमले.

"मामा, कापूस गटारीत टाकताय व्हय?"

मामांनी एक गोळा बोटांत चोळला. "ह्यो माझा न्हाय. कापसाला तार असतीया. ह्याचा नुसता चिखल हुतोय बघा की."

"मग ढगातनं पडला जणू." लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच गटार उपसत आमच्या दाराशी आले.

"साहेब, तुमच्यात बारकं बाळ हाय न्हवं? दोरीवर लंगोट कधी दिसत न्हाईत."

"आत वाळत घालतो. पावसाचं."

त्यांनी आमच्या अंगणातल्या रिकाम्या दोरीकडं एकदा पाहिलं. मग "व्हय, पावसाचं," म्हणाले आणि खोरं उचलून पुढं गेले.

बायकोनं आतून ऐकलं होतं. "जाऊन सांगा त्यांना." मी म्हणालो, उद्या सांगतो. डायपरची पिशवी मात्र दुसऱ्या दिवसापासून स्कूटरला अडकवून लांबच्या ओढ्यात टाकायला लागलो.

दिवाळीआधी गल्ली गाद्या पिंजून घ्यायची. त्या वर्षी मामांकडं एकही गादी आली नाही. दिवाळी झाल्यावर त्यांनी सामान टेम्पोत भरलं. कबनूरला मेहुण्याकडं निघाले होते. पिंजायचं यंत्र चढवायला मी हात लावला. दुसरं कुणी आलं नव्हतं. टेम्पोची मागची फळी लावून झाल्यावर मामांनी विचारलं,

"पोरगी चालाय लागली?"

कापूस तुमचा नव्हता, माझ्या घरातला होता, एवढं तिथं म्हणता आलं असतं. गल्लीत ओरडून सांगायची गरज नव्हती, त्यांना एकट्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"हो," मी म्हणालो, "लागली."