ज्योतीरामचे एकशेदहा

शाबासकीला हपापलेल्या माणसाइतका घातकी प्राणी कारखान्यात दुसरा नाही, असं मी आठ वर्षं म्हणत आलो. हल्ली म्हणवत नाही.

ज्योतीराम सत्तर साली मराठवाड्यातल्या भूमहून आला आणि पिंपरीतल्या आमच्या कंपनीत माझ्या शेजारच्या लेथवर लागला. हात इतका साफ, की तपासणीवाला त्याचे नग न बघताच पेटीत टाकायचा. पण चांगलं म्हणालं कधी कुणी नाही. कंपनीत वाईट कामाला मेमो मिळतो, चांगल्याला काही मिळत नाही.

बहात्तरला घड्याळवाला साहेब आला. एका नगाला किती वेळ लागतो ते तो मशीनशेजारी उभा राहून टिपून घेई, आणि त्यावर सगळ्या शॉपचा, म्हणजे आमच्या अख्ख्या खात्याचा, रोजचा आकडा ठरे. अशा वेळी हात हळू चालवायचा, हा आमचा धर्म. हत्याराला पुन्हा धार लावायची, तेलाची नळी उगाच हलवायची, कपाळ पुसायचं. आमच्यातले सगळ्यांत जुने, कुरुळीचे चिमाजीअण्णा, त्यांनी ज्योतीरामला आदल्या दिवशी बजावलंही होतं, "उद्या घाई करायची न्हाई. समद्यांच्या पोटावर पाय येतो."

पण साहेब बेरकी. म्हणाला, "ज्योतीराम, या शॉपमध्ये तुमच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणतात. जरा बघू द्या की."

झालं! गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. पाळीला ऐंशी नग निघायचे, त्याने एकशेदहाचा वेग दाखवला आणि वर साहेबाकडे बघून हसला. पुढच्या महिन्यात फळ्यावर आकडा लागला, एकशेदहा. आमची लघवीला जायचीही चोरी झाली.

त्या दिवसापासून त्याच्याशेजारी कुणी डबा उघडला नाही. तो चहाला आला की घोळका पांगायचा. त्याने माफी मागितली, दोनदा. चिमाजीअण्णा म्हणाले, "रोज एकशेदहा वेळा तुझी आठवण येती, ज्योतीराम. आनिक काय पायजे?"

खरं सांगायचं तर वर्षभराने नवी मशीनं आली आणि साहेबांनी कुणालाही न विचारता आकडा एकशेतीस केला. त्यात ज्योतीरामचा काडीचा संबंध नव्हता. पण साहेबाशी अबोला धरून कुणाचं काय बिघडणार? वड्याचं तेल आम्ही वांग्यावर काढलं, कारण वांगं उलट बोलत नव्हतं.

ऐंशी साली त्याच्या मुलीचं, कस्तुराचं लग्न ठरलं. कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणून त्याने मुहूर्तही गुरुवारचाच धरला. बायकोला, छबूबाईला घेऊन घरोघर पत्रिका वाटल्या. चिखलीला माझ्याकडे आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"भाऊ, व्याही इचारतेत, दहा वर्सं कंपनीत हाव, तुमचे दोस्त कोन? पंगतीत चार मानसं तरी दिसू द्या."

"येतो की," मी म्हणालो.

गुरुवारी मी घरी बसून सायकलची चेन साफ केली. बायकोने दोनदा विचारलं, "जायचं नाही का?" लाज वाटत होती, पण सगळ्यांच्या आधी जायची छाती झाली नाही. सगळेच बहुधा असेच बसले असावेत, कारण एकही जण गेला नाही.

शुक्रवारी तो लवकर आला होता. प्रत्येकाच्या मशीनवर कागदाच्या पुडीत दोन-दोन बुंदीचे लाडू ठेवलेले.

लाडू आम्ही सगळ्यांनी खाल्ले. दुपारी डबा मात्र त्याने एकट्यानेच उघडला.