फोन गप्प झाला की घाबरणारे चाचा

फोन वाजला की माणसं दचकतात. आमचे चाचा फोन वाजला नाही की दचकायचे. अमरावतीत आम्ही शेतकरी कुटुंबांसाठी मदतीचा फोन चालवायचो. शेतकरी आत्महत्यांची ती वर्षं वऱ्हाडात अशी होती, की सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे. दहा मिनिटं शांततेत गेली, की चाचा खुर्चीतून उठायचे. "काहून नाई वाजून राहिला बाप्पा?" म्हणत स्वतःच्याच मोबाइलवरून आमचा नंबर लावून पाहायचे. पाठीमागे आम्ही त्यांना 'घाबरट चाचा' म्हणायचो. ते नाव मीच ठेवलं होतं. चाचा आता नाहीत, आणि मला त्याची लाज वाटते.

चाचा अकोल्याच्या जुन्या शहरातले. आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं तेच पाहायचे. प्रत्येक तालुक्याच्या केंद्रावर एक कॉम्प्युटर, त्यात एक छोटी कॉन्फिग फाइल. कोणत्या गावाचा फोन कोणाकडे जाणार, एवढंच तिच्यात. या साऱ्या फाइली अमरावतीत बसून एका हुकमात बदलणारं ऑटोमेशनचं टूल होतं, आणि फाइली वाचून त्यात बदल करणारा एक छोटा जोडप्रोग्रॅम, म्हणजे प्लगिन, चाचांनी स्वतः लिहून त्याला जोडला होता. पण हुकूम सोडण्याआधी काय काय बदलणार ते चाचा नुसतं पडद्यावर पाहायचे. मग एकाच केंद्रावर बदल, तिथून फोन लावून खात्री, आणि त्यानंतर बाकीची केंद्रं. "पहिले पाहू दे, मंग हात लावू," हे दिवसातून चारदा. मला वाटायचं, काय हा वेळकाढूपणा!

केंद्रांवरची मंडळी भाविक. नव्या वहीवर लिहावं तसं त्यांनी फाइलीच्या पहिल्या ओळीवर 'श्री' लिहून ठेवलेलं. मी पुसायला निघाले तर चाचा म्हणाले, "राहू दे बेटा, त्यायचा जीव आहे त्याच्यात. मी प्लगिनले सांगून ठेवलं, ही ओळ सोडून वाच." त्यांच्या स्वतःच्या फाइलींवर ७८६ असायचं.

एकदा चाचा पुतणीच्या लग्नासाठी अकोल्याला गेले. इकडे एक नंबर बदलायचा होता. मी वरूडची, अंगात मस्ती भरपूर. झटपट चालणारं नवं प्लगिन आलं होतं. चाचांचं काढलं, ते बसवलं आणि साऱ्या केंद्रांवर एकदमच चालवलं. पडदा हिरवागार, म्हणजे सगळीकडे काम फत्ते. मग दुपारभर फोनच नाही. "आज बरं दिसते बाप्पा," म्हणत आम्ही चहा मागवला.

तीनच्या सुमारास चाचा बसमधून उतरून थेट आले आणि दारातच थांबले. "कधीपासून शांत आहे?"

"जेवणाआधीपासून," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि ते सरळ कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

नव्या प्लगिनला 'श्री'ची ओळ वाचता आली नव्हती. फाइल खराब आहे असं समजून त्यानं प्रत्येक केंद्रावर नमुन्याची फाइल ठेवून दिली होती. त्या नमुन्यात आमच्या चाचणीच्या मोबाइलचा नंबर. तो मोबाइल आवाज बंद करून कपाटात ठेवलेला. काढून पाहिला तर अठरा जणांचे फोन येऊन गेले होते. चाचांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. टूलनं जपून ठेवलेल्या जुन्या प्रती त्यांनी परत बसवल्या आणि म्हणाले, "आता एकेकाले फोन लाव. रडाचं मंग."

सतरा जण बोलले. अठरावा नंबर आमच्या नोंदीतला होता, दर्यापूरकडच्या एका ताईचा. तिचा नवरा पंधरा दिवसांपासून कुणाशी बोलत नव्हता. तिनं तीनदा फोन केला होता आणि आता उचलत नव्हती. चाचांनी गावच्या पोलीस पाटलाला तिच्या घरी धाडलं. पाऊण तास गेला. मी माणूस मारला, एवढंच माझ्या डोक्यात. चाचा शेजारी बसून पुन्हा पुन्हा तिचाच नंबर लावत होते.

शेवटी पाटलाचा फोन आला. नवरा शेतात एकटाच बसलेला सापडला होता, जिवंत. मोबाइल घरी टाकून ताई त्याला शोधत फिरत होती. आता ती तिथंच होती; चाचांनी पाटलाच्याच फोनवर तिला बोलावलं.

"ताई, चूक आमची झाली. माफ करजा."

"माफी कायची भाऊ," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी बी कंटाळले असान आमाले."