बोडीतला खड्डा

समुद्रातले मासे संपत चालले, असं वाचलं की मला सासरची बोडी आठवते. समुद्र रिकामा करायला मोठमोठी जहाजं लागतात म्हणे. आम्हांला एक डिझेल इंजिन पुरलं.

बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना, भातखाचरांना, पाणी देणारं लहानसं तळं. करडीला, माझ्या सासरच्या गावी, उन्हाळ्यात तिचं पाणी उतरलं की अख्खं गाव टोपल्या घेऊन चिखलात उतरायचं. नियम एकच, मधल्या खोल खड्ड्याला हात लावायचा नाही. तिथले मासे म्हणजे पुढच्या वर्षाचं बी. दुसऱ्या दिवशी तुमसरहून माझे बाबा सायकलनं जेवायला येत. एरवी बापानं लेकीच्या घरी उगाच जायचं नाही, अशी रीत. मासोळीचं निमित्त मात्र चालायचं. मी वर्षभर त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसायचे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सासऱ्यांनी धानासाठी इंजिन घेतलं. नवी वस्तू घरात आली की हात शिवशिवतातच. "खड्ड्यात मोठाल्या मरळी हायेत, इवाईले खाऊ घालतोच," म्हणत त्यांनी आपल्या इवाईसाठी, म्हणजे व्याह्यांसाठी, माझ्या बाबांसाठी, खड्डाही उपसला. मरळ मासे निघाले, अन् हे एवढे! गावानं ताव मारला, मांजरंसुद्धा माजली. बाबांनी तर बोटं चाटली.

पुढच्या उन्हाळ्यात गाव पुन्हा चिखलात उतरलं आणि टोपल्यांत आले बेडूक. सासरे इंजिनाकडे असे बघत होते, जणू त्यानंच सगळं खाल्लं. सगळे हसत होते. मला मात्र रडू फुटलं. मासोळीच नाही, तर बाबा कशाला येतील? त्यात सासऱ्यांनी संध्याकाळी तुमसरला निरोपही धाडला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात दारात सायकलची घंटी वाजली. बाबाच!

सासरे ओशाळले. "इवाई, निरोप नाही भेटला का जी? या साली मासोळी नाही."

"भेटला ना," बाबा घाम पुसत म्हणाले. "मासोळी तं तुमसरच्या बाजारातबी भेटते जी. तिच्यासाठी एवढी सायकल कायले हाणू? मी पोरीले पाहाले येतो."

मी वांग्याची भाजी केली. मीठ जरा जास्तच पडलं, तरी बाबांनी बोटं चाटली.

पावसाळ्यात सासऱ्यांनी मासेमार ढिवरांकडून माशांचं बी आणून बोडीत सोडलं. मासे वाढायला वेळ लागला. तोवर बाबा पोळ्याला आले, दिवाळीला आले. काहून आले, हे कोणीच विचारलं नाही.