विशाखापट्टणमच्या दुमजली बसमध्ये आई एकटी

बाबा गेल्यापासून आईचं बाहेर पडणं जवळजवळ थांबलं होतं. आम्ही भिवंडीजवळच्या शेलार गावचे. घरापासून देऊळ, देवळापासून घर, आणि वर्षातून एकदा वज्रेश्वरीला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून येणं, एवढाच तिचा प्रवास. त्यालाही कुणीतरी गाडी काढली तर. स्वतःहून ती कधी काही मागायची नाही.

म्हणून त्या दिवशी टीव्हीवर विशाखापट्टणमची बातमी चालू असताना ती भाजी निवडायची थांबली, हे माझ्या लक्षात राहिलं. समुद्राच्या कडेने एक दुमजली बस चालली होती. वरचा मजला उघडा, माणसं टोप्या धरून बसलेली. निवेदिका सांगत होती की तिकीट एकदाच काढायचं, मग वाटेत हवं तिथे उतरायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचं.

"म्हंजे कोन घाई करनार न्हाय?" आईने विचारलं.

"नाही."

"मंग ही बस बरी हाय."

एवढंच म्हणाली आणि परत भाजी निवडू लागली. मी त्याच आठवड्यात सुट्टी टाकली. जवळच्याच वडपे गावातल्या एका गोदामात मी डिस्पॅच सांभाळते. कुठला ट्रक कुठे पोचला हे दिवसभर बघणं हे माझं काम. दादाला कळल्यावर तो म्हणाला, "तिचे गुडघे बघ. एक दिवस एक रात्र गाडीत बसायचं. तिकडची भाषा आपल्याला येत नाही. कुठं चुकामूक झाली तर काय करशील?"

"मी आहे ना बरोबर," मी म्हटलं. फार ऐटीत म्हटलं होतं.

जाणं

तुम्ही आमच्या बाजूने जाणार असाल तर गाडी कल्याणहून पकडा. मात्र घरून भरपूर आधी निघा. कोनगावाजवळ रस्त्याचं काही सांगता येत नाही. आम्हाला सकाळी सहाच्या सुमारालाही अर्धा तास जास्त लागला. थ्री टियर एसीचं आरक्षण दीड-दोन महिने आधी केलं तर खालचा बर्थ मिळतो, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाबरोबर तो हवाच.

आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. एसीच्या बंद डब्यात सुकट उघडायला मला संकोच वाटत होता. आईने उघडली. समोरच्या बाईंनी वास ओळखून आनंदाने मान डोलावली आणि आपल्या डब्यातलं लोणचं पुढे केलं. त्या दोघींमध्ये नंतर काहीतरी बोलणं चालू होतं, पण मी वरच्या बर्थवर झोपून गेले होते. ते बोलणं ऐकायला हवं होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आम्ही पोचलो. आर. के. बीचच्या मागच्या गल्लीत साधं, स्वच्छ लॉज घेतलं. लॉज घेताना लिफ्ट आहे का ते आधी विचारा. संध्याकाळी किनाऱ्यावर नुसतं बसलो. आपल्याकडे समुद्रात सूर्य मावळताना बघायची सवय. इथे तो आपल्या पाठीमागे डोंगराआड गेला. "म्हंजे सकाली समोरून यनार," आई म्हणाली, आणि पहाटे मला उठवून पुन्हा किनाऱ्यावर घेऊन गेली. समुद्रातून वर येणारा सूर्य तिने साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. नमस्कार केला आणि म्हणाली, "आता बस."

बस

आधी पेसरट्टू खाल्लं. हा हिरव्या मुगाचा डोसा, वर आलं-कांदा, पोटात उपमा. एकात दोघींचं पोट भरलं. मग थांब्यावर गेलो. आमचं तिकीट चोवीस तास चालणारं होतं. दर आणि वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या. बसच्या बाबतीत तीन गोष्टी अनुभवाने सांगते. जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. वरच्या मजल्यावर दहानंतर ऊन लागतं, टोपी किंवा पदर हवा. आणि दोन बसमधलं अंतर कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त असू शकतं.

वर चढायचा जिना अरुंद होता. मी आईला हात द्यायला गेले तर तिने दांडा धरला आणि एक एक पायरी चढत गेली. पुढच्या रांगेतली जागा मिळाली. बस निघाली आणि वारा लागला, तेव्हा ती हसली. किती दिवसांनी असं हसली, मोजता येणार नाही.

पहिल्यांदा पाणबुडीच्या संग्रहालयापाशी उतरलो. वाळूवर खरीखुरी पाणबुडी उभी आहे आणि आतून बघता येते. आतली दारं गोल आणि अरुंद आहेत, त्यातून वाकून जावं लागतं. आई बाहेरच थांबली. मग पुढची बस. कैलासगिरीला रोपवेने वर गेलो, वरून अख्खा किनारा दिसतो. तिथून पुन्हा बस, आणि दुपारी ऋषिकोंडा. इथला किनारा मला सगळ्यांत आवडला: पाणी निळं, मागे टेकडी. तिथे एक बाई हातगाडीवर मुरी मिक्स्चर विकत होती. म्हणजे आपल्या भेळेची बहीण: कुरमुरे, कांदा, टोमॅटो, लिंबू, वर झणझणीत मसाला.

खाऊन झालं, तेवढ्यात बस आली. आम्ही वर जाऊन बसलो. आईची पर्स आणि मोबाइल माझ्या पिशवीत होते, कारण "सांभाळायला नको" म्हणून मीच ते घेतले होते. बसल्यावर आई म्हणाली, "माझा चष्मा गाडीवर राह्यला."

"आणते," म्हणून मी धावत खाली उतरले. हातगाडी पन्नास पावलांवर. चष्मा घेऊन वळले, तर बस निघालेली. मी ओरडले, हात केले. बस वळणाआड गेली.

दीड तास

चूक बसवाल्यांची नव्हती. मी कंडक्टरला सांगून उतरायला हवं होतं, ते विसरले. पण त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की आईकडे फोन नाही, पैसे नाहीत, चष्मा नाही, माझा नंबर तिला पाठ नाही, आणि इथे तिची भाषा कुणाला कळणार नाही. दादाचं बोलणं कानात घुमत होतं. त्याला फोन करायची हिंमत झाली नाही.

पुढची बस केव्हा येईल कुणालाच नक्की सांगता येईना. मी रिक्षा केली आणि बसच्या मागे निघाले. पुढे एका थांब्यावर उतरून पाहिलं; आई नव्हती. मग थेट शेवटच्या थांब्यावर, थोटलकोंड्याला. तिथे टेकडीवर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बस नव्हतीच. फाटकापाशी एक वयस्क रखवालदार बसला होता. मी मोबाइलमधला आईचा फोटो दाखवून हिंदीत विचारलं.

"आप बेटी?" तो म्हणाला. "अम्मा आयी थी. उसी बस में वापस गयी."

माझ्या जिवात जीव आला आणि परत गेला. "वापस कहाँ?"

"बोलके गयी, लडकी दौडते दौडते इधर आयेगी. उसको बोलना, मैं ऋषिकोंडा में मुरीवाली के पास बैठी हूँ."

"आपसे हिंदी में बोली?"

"नहीं नहीं. तेलुगू में."

मी म्हटलं, मग ती माझी आई नव्हे, दुसरं कुणीतरी असेल. त्याने फोटोवर बोट ठेवलं. "यही अम्मा. अच्छा तेलुगू बोलती है. तेलंगाना का तेलुगू."

परतीच्या रिक्षात मी त्या वाक्याचा अर्थ लावत राहिले, पण तो लागेना.

ऋषिकोंड्याला उतरले. मुरी मिक्स्चरच्या गाडीमागे प्लास्टिकच्या स्टुलावर आई बसली होती. मांडीवर ताट, हातात सुरी, आणि ती कांदा चिरत होती. गाडीवाली बाई गिऱ्हाइकाला पुडी देत काहीतरी म्हणाली आणि आई खळखळून हसली. मग मला बघितलं. त्या बाईला म्हणाली, "मा अम्माई वच्चिंदि."

म्हणजे, माझी मुलगी आली.

मी तिथेच रडायला लागले. रडता रडता ओरडलेही, की तू उतरायचं ना पुढच्या थांब्यावर, मी किती घाबरले होते.

"कवरी घाबरलीस, वैशू!" आई म्हणाली. "मी कुटं हरवलेली? मी बसमदी बसलेली. बस फिरून इकरंच यनार, कंडक्टर पोरीला इचारून घेतला. दोगी पन धावायला लागलो तर भेटनार कशा? पन तू धावनार, ता मना ठाव होता. म्हनून त्या बाबाला निरोप ठेवला."

दिवसभर ट्रक शोधणारी मी, आणि इतका साधा विचार मला सुचला नव्हता. गाडीवालीने मला पाणी दिलं, स्टूल दिलं. "कूर्चो अम्मा," म्हणाली. आईने भाषांतर केलं: "बस म्हनते."

"आई, तुला तेलुगू येतं?"

"थोडा थोडा. ललिताक्कानं शिकवला ना."

ललिताक्का आमच्या चाळीतली भाडेकरू, मूळची तेलंगणातल्या करीमनगरची. आमच्या घराला लागून बाबांनी तीन खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या एकीत ती तेरा वर्षं राहिली. नवरा लूमवर, आणि ती आईबरोबर कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. मी शाळेत होते तेव्हा दोघी दिवसभर शेजारी बसलेल्या असायच्या, लूमच्या खडखडाटात मोठमोठ्याने बोलत. ललिताक्का छान मराठी बोलायची, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आम्ही कौतुकही करायचो. पण तेरा वर्षांत आईही काही शिकली असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. उलट मला आठवलं, शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मी आईला सांगायचे, "त्यांच्यासमोर ते तसलं आगरी बोलू नको." मला लाज वाटायची.

मी हे तिला तिथेच सांगितलं. माफी मागितली.

"तू तवा लहान होतीस," ती म्हणाली. "ललिताक्का तिच्या गावाला गेली, मंग बोलनार कोनाशी? मना वाटला, इसरली मी. बस निगाली, तू न्हाय, आनि त्वांडातून आपोआप निगाला, आगंडी, आगंडी! थांबा म्हंजे. समदी बस माझ्याकरं बगाय लागली." आणि पुन्हा हसली. कंडक्टर मुलीने तिला आपल्या शेजारी बसवलं होतं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं होतं, थोटलकोंड्याला खाली उतरवून वरून समुद्र दाखवला होता. "कवरा मोठा दिसतो तिकरून! तू बगितलास?"

मी नव्हता बघितला.

माझी आई सातवीनंतर शाळेत गेली नाही. फॉर्म भरायचा असला की आम्ही तिच्या हातातून पेन काढून घेतो. त्या मुरीच्या गाडीमागे बसून मी गिऱ्हाइकांना सांगत होते, विचारलं नसतानाही, की ही माझी आई, आम्ही भिवंडीचे, हिला तेलुगू येतं. भिवंडी म्हटलं की लोक खड्डे आणि ट्रॅफिकबद्दल बोलतात. मीही बोलते. त्या दुपारी मात्र गावाचं नाव मी छाती फुगवून सांगितलं. दुसऱ्या कुठल्या गावात आगरी बाईला घरबसल्या करीमनगरचं तेलुगू शिकायला मिळालं असतं?

दुसरी सकाळ

तिकिटाचे अजून काही तास उरले होते. नाश्ता झाल्यावर आई म्हणाली, "मी एकलीच एक फेरा मारून येते."

माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं. ते गिळलं. पर्स दिली, मोबाइल दिला, चष्मा तिच्या नाकावर होताच. ती चढली आणि वरच्या मजल्यावरून हात केला. मी थांब्यासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिले. दोनदा फोन हातात घेतला, पण केला नाही.

दोन तासांनी बस परत आली. आई पुढच्या रांगेत होती आणि शेजारच्या एका जोडप्याला हात लांब करून काहीतरी दाखवत होती. ते नागपूरचे निघाले. उतरताना ते काका मला म्हणाले, "तुमच्या आई गाइड आहेत का हो? उतरायचं कुठं, खायचं काय, सगळं नीट सांगितलं." आईच्या हातात मुरीची पुडी होती. गाडीवालीने पैसे घेतले नव्हते.

मग ती मला म्हणाली, "चल, ती पानबुडी राह्यली." आणि त्या गोल दारांतून, गुडघा हाताने उचलत, एकेक करून ती सगळी पाणबुडी फिरली.

घरी

परत येऊन तीन आठवडे झाले. गुडघे तसेच दुखतात, त्याबद्दल खोटं सांगणार नाही. चुकामुकीची गोष्ट दादाला मी सांगणार नव्हते. आईने पहिल्याच जेवणात स्वतः सांगितली, हातवारे करून. तो घास हातात धरून ऐकत राहिला, मग मला म्हणाला, "आपल्याला माहीतच नव्हतं गं."

फोटो शंभरेक आहेत. पण मी कुणाला दाखवायला काढते तो कांदा चिरतानाचाच. या प्रवासाला कसं जायचं आणि काय काय पाहायचं, हे मी वर लिहिलंय. तुम्ही जाल तेव्हा तुमच्या बरोबरच्या माणसाची पर्स त्याच्याच हातात राहू द्या, एवढं मात्र मनापासून सांगते.

काल संध्याकाळी ओट्यावर आळीतल्या बायका जमल्या होत्या. मी आत कुकर लावत होते. एकीने विचारलं, "तुना कोन घेऊन गेलेला गो तिकरं?"

"मी वैशूला घेऊन गेलेली," आई म्हणाली.

थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली. बाहेर पाच जणी तयार झाल्या होत्या, पुढच्या थंडीत जायचं म्हणत होत्या. "रेल्वेची सा तिकिटं कशी काडतात?" तिने विचारलं. मी हात पुसून मोबाइल उघडला आणि भराभर टाइप करायला लागले.

"तू नको करू," ती म्हणाली आणि चष्मा लावून माझ्या शेजारी बसली. "मना दाखव. मी करते."