कान तुटलेला कप

कान तुटलेला कप दिसला की मला अजून शिसारी येते. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. जऊळका स्टेशनाजवळच्या टपरीवर आम्ही कॉलेजची पोरं सिनेमावरून काढलेल्या एका कादंबरीवर बोलत होतो. तिचा नायक यंत्रात बसून दोनशे वर्षं मागे जातो. "काय जमाना होता! मले तं तिथंच ऱ्हावं वाटते," एक मित्र म्हणाला. मी म्हणालो, "आमच्या लोकायले तिथं कोन पानी पाजीन?" "जुनं कायले उकरून राह्यला बे? आता कोन पाह्यते जात?" म्हणत त्यानं चहा मागवला. बाकीच्यांना काचेचे ग्लास आले. माझ्यासाठी टपरीवाल्यानं वळचणीला खोचलेला कान तुटलेला कप काढला. मित्र फुरके मारत राहिला. मी चहा तिथंच ओतला. कादंबरीबद्दल त्या दिवशी झालेलं माझं मत आजही तेच आहे: मागे जायला एवढं यंत्र कशाला, एक कप पुरतो.